चंद्र दोन ठिकाणी असता तर

रायगड जिल्ह्यातल्या कासूच्या खारात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत, ज्यांची भातशेती आहे त्यांच्या घरी भरतीचं गणित पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पुरं भरतं. षष्ठीला साडेचार, नवमीला पावणेसात, दिवसातून दोनदा. आम्ही खाडीत बरंच आत, म्हणून आजोबा त्यात थोडी भर घालून वेळ सांगायचे. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला ते बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीकडच्या बांधावर, फेरी मारत: पाणी सोडायच्या उघाडीच्या झडपेत काही अडकलंय का, खेकड्यांनी बांध पोखरलाय का. खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची काही वर्षं त्या तुकड्यात भाताचं नाव काढायला नको.

हे आठवायचं कारण असं, की गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत यांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न पुस्तकात नेहमी कृष्णविवरापासून नाहीतर विश्वाच्या जन्मापासून सुरू होतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे प्रकरण फार लांबचं आहे. मला तो उधाणापासून सुरू करणं जास्त प्रामाणिक वाटतं. चंद्र नुसता ओढतो म्हणून भरती येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या अंगाला तो जास्त ओढतो आणि पलीकडच्या अंगाला कमी, या फरकाने पाणी ताणलं जातं. आइन्स्टाइनने १९१५ साली जे मांडलं त्याचं मर्म याच फरकात आहे. दोर तुटलेल्या लिफ्टमधल्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही. म्हणजे 'ओढ' ही युक्तीने नाहीशी करता येते. पण लिफ्ट पुरेशी मोठी असेल तर तिच्या दोन टोकांच्या ओढीतला फरक कुठल्याच युक्तीने जात नाही. त्या उरलेल्या फरकाला तो अवकाशकालाची वक्रता म्हणतो. खारातल्या माणसाच्या भाषेत सांगायचं तर उधाण हेच खरं गुरुत्व.

आणि या गुरुत्वात शंकेला जागा नाही. चंद्र कुठे आहे ते ठरलेलं, म्हणून पाणी कुठवर चढणार तेही ठरलेलं.

क्वांटम सिद्धांताचा खाक्या वेगळा. (मराठीत आपण त्याला पुंज सिद्धांत म्हणतो, शब्द चांगला आहे, पण बोलताना कोणी वापरत नाही, म्हणून मीही क्वांटमच म्हणतो.) तिथे इलेक्ट्रॉन दोन फटींपैकी अमुक एका फटीतून गेला असं म्हणता येत नाही. तपासलं नाही तोवर तो दोन्ही वाटांवर असतो, आणि पडद्यावर उमटणारे पट्टे त्याची साक्ष देतात. आता इलेक्ट्रॉनलाही वस्तुमान आहे. वस्तुमान आहे म्हणजे तो थोडंफार का होईना, ओढणार. मग तो ओढतो कुठून? या फटीतून की त्या?

चंद्रालाच तसं दोन ठिकाणी ठेवून बघा. अर्धा पेणच्या माथ्यावर, अर्धा रोह्याच्या. उधाण कुठल्या खारात शिरेल? उत्तरं तीनच संभवतात. एक, पाणी दोघांच्या मधोमध, सरासरीच्या जागी चढेल. दोन, भरतीही चंद्रासारखीच 'दोन्हीकडे' असेल, म्हणजे अवकाशकालसुद्धा एकाच वेळी दोन प्रकारे वाकलेला असेल. तीन, इतक्या जड वस्तूला दोन ठिकाणी राहूच दिलं जात नाही. गुरुत्वच तिला एक जागा निवडायला लावतं. १९५७ साली अमेरिकेत चॅपल हिल इथल्या परिषदेत रिचर्ड फाइनमनने जवळपास याच स्वरूपाचा प्रश्न मांडला होता. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ दुसऱ्या उत्तराच्या बाजूचे आहेत. पुराव्याने मात्र तिन्हींपैकी एकही उत्तर आजवर सिद्ध झालेलं नाही.

दुसरं उत्तर खरं धरून गणित करायला गेलं की काय होतं, तो इतिहास थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो बराचसा अपयशाचा आहे. सोव्हिएत रशियातल्या मात्वेई ब्रॉनश्टाइनने १९३६च्या सुमारास अडचण अचूक हेरली. अगदी छोट्या जागेतलं गुरुत्व अचूक मोजायचं तर मोजणारी वस्तू जड हवी; पण छोट्या जागेत फार जड वस्तू ठेवली की ती स्वतःच्याच गुरुत्वात कोसळते, आणि मोजमाप तिच्याबरोबर जातं. हा माणूस १९३८ साली स्टालिनच्या राजवटीत गोळी घालून मारला गेला, वय ३१. पुढे विद्युतचुंबकीय बलाला जो क्वांटम संस्कार लागू पडला तोच गुरुत्वाला करून पाहिला, तर उत्तरात अनंत येऊ लागलं. इतर बलांमधल्या अनंतांचा बंदोबस्त करता येतो. इथे एक अनंत बुजवलं की पुढच्या पायरीवर नवं उघडतं. बांधाला एक खांड बुजवावी आणि पुढे दुसरी जावी तसं. १९८५-८६ मध्ये गोरॉफ आणि सान्योत्ती यांनी दुसऱ्या पायरीचा लांबलचक हिशेब पुरा करून दाखवला, तेव्हा ही वाट बंद असल्याची खात्री पटली.

एरवी भौतिकशास्त्रात वाट अडली की प्रयोग हात देतो. इथे आकडेच आडवे येतात. गुरुत्व आणि क्वांटम दोन्ही सारखेच महत्त्वाचे ठरतात ती लांबी, म्हणजे प्लांक लांबी, मीटरच्या दशांश चिन्हानंतर ३४ शून्यं देऊन लिहावी लागते. तिथवर पोचायला लागणारी कणांची ऊर्जा जिनिव्हाच्या, कण एकमेकांवर आदळवणाऱ्या महाकाय यंत्रातल्या टकरींपेक्षा सुमारे १०००००००००००००० पट, बहुधा त्याहूनही एक शून्य जास्त. असं यंत्र कोणी बांधणार नाही. म्हणून गेली पन्नास वर्षं या विषयाचा मोठा भाग कागदावरच चालला आहे, आणि त्या कागदांवर मराठी मुलखातल्या माणसांची बरीच अक्षरं आहेत.

सुरुवात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून तिथे आले. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी थाणू पद्मनाभन यांनी एक मर्यादित पण चतुर प्रश्न घेतला. अवकाशकालाच्या सगळ्याच घडणीला क्वांटम नियम लावता येत नाहीत ना? मग फक्त त्याच्या मापाला, म्हणजे सगळी अंतरं एकाच पटीत फुगवणाऱ्या-आकसणाऱ्या घटकाला ते लावून बघू. निष्कर्ष असा, की अनंत घनतेच्या बिंदूतून विश्व सुरू झालं असण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येते. महास्फोट ज्यांना कधीच पटला नाही अशा नारळीकरांना हे उत्तर आवडलं असणार, हे ओघानेच आलं. दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९८६ साली निघाला. दोन वर्षांनी पुण्यात आयुका ही खगोल संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या आवारातल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. चारही गुरुत्वाच्या आणि आकाशाच्या वाटेवरचे. क्वांटमवाला कोणी नाही, असं वाटतं खरं. पण आइन्स्टाइनला नोबेल मिळालं ते गुरुत्वासाठी नव्हतं, प्रकाशाच्या क्वांटम वागण्याचा उलगडा केल्याबद्दल होतं. भांडणाचे दोन्ही पक्ष एकाच माणसाच्या घरात जन्मले.

त्याच १९८६ साली धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी अमेरिकेत एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांनी नवं बल सांगितलं नाही, नवा कण सांगितला नाही. आइन्स्टाइनचीच समीकरणं त्यांनी वेगळ्या चलांत लिहून काढली. पण त्या नव्या लिखाणात गुरुत्वाची समीकरणं अणुगर्भातल्या बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली, आणि तिथली हत्यारं इथे चालवायची सोय झाली. कार्लो रोवेली आणि ली स्मोलिन यांनी ती चालवली, आणि १९९५च्या सुमारास निष्कर्ष हाती आला: क्षेत्रफळ हवं तेवढं बारीक करता येत नाही, त्याला सर्वांत लहान तुकडा आहे. याला लूप क्वांटम ग्रॅव्हिटी म्हणतात. आमच्याकडे खाडीत कोळी पाग टाकतो तेव्हा पाग हवेत पसरताना सलग चादरीसारखा दिसतो. हातात घेतला की नुसते धागे आणि गाठी. या सिद्धांतात अवकाश तसा आहे. फरक एवढाच, की पागाच्या भोकांतून पाणी जातं. इथे भोकांमध्ये काहीच नाही, 'मध्ये' अशी जागासुद्धा नाही. अष्टेकर, टोमाश पावलोवस्की आणि परमप्रीत सिंग यांनी २००६ साली हीच पद्धत सगळ्या विश्वाच्या एका साध्या नमुन्याला लावली. काळात मागे जात जात घनता प्लांक घनतेच्या सुमारे ४१ टक्क्यांवर पोचली की गुरुत्व ओढायच्याऐवजी ढकलू लागतं आणि विश्व उसळी घेतं. म्हणजे महास्फोटाच्या आधीही काहीतरी होतं.

दुसरा काठ स्ट्रिंग थिअरीचा. तिथे अवकाश आधीपासून असतो, आणि कण म्हणजे कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा. त्यांतल्या एका कंपनाचे गुण हुबेहूब गुरुत्ववाहक कणाचे निघतात. गुरुत्व बाहेरून आणावं लागत नाही, आपोआप येतं. अनंतंही येत नाहीत. किंमत म्हणून जास्तीच्या मिती पत्कराव्या लागतात. या काठावर टाटा संस्थेचं नाव जगात आदराने घेतलं जातं: स्पेन्टा वाडिया, गौतम मंडल, संदीप त्रिवेदी, शिराझ मिनवाला. आणि गडहिंग्लजला जन्मलेले, कोल्हापुरात वाढलेले अतीश दाभोलकर, जे २०१९पासून इटलीत त्रिएस्ते इथल्या अब्दुस सलाम आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक आहेत. त्यांचे वडील श्रीपाद दाभोलकर म्हणजे शेतकऱ्यांना 'प्रयोग परिवार' देणारे गणिताचे प्राध्यापक. वडिलांनी द्राक्षाच्या मांडवात प्रयोग केले, मुलाने कृष्णविवराचा हिशेब मांडला. हा हिशेब जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण दोन्ही काठांची खरी परीक्षा तिथेच झाली.

जेकब बेकेनस्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की कृष्णविवराला तापमान असतं आणि एन्ट्रॉपीही. एन्ट्रॉपी म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या वस्तूची आतली मांडणी किती तऱ्हांनी असू शकते याचं माप. पोत्यात धान्य किती तऱ्हांनी भरता येईल ते पोत्याच्या आतल्या जागेवरून ठरतं. कृष्णविवराचं माप मात्र त्याच्या पृष्ठभागावरून ठरतं: पृष्ठाचं क्षेत्रफळ प्लांकच्या एककांत मोजा आणि चाराने भागा. हा 'भागिले चार' कुठून आला? आत नेमकं काय मोजलं जातंय? जो सिद्धांत आतल्या मांडण्या मोजून बरोबर हेच उत्तर काढील त्याच्या हाती काहीतरी आहे, असं सगळ्यांनी मानलं.

स्ट्रिंगवाल्यांनी १९९६ साली ते काढलं. अशोक सेन यांनी १९९५ मध्ये दिशा दाखवली होती. अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी तारांच्या मांडण्या मोजल्या आणि चार हा आकडा नेमका आला, कुठलीही ओढाताण न करता. पण कृष्णविवर खास घडवलेलं, विद्युतभार आणि वस्तुमान यांचा तोल अगदी काठावर ठेवलेलं, तेही पाच मितींतलं. आकाशात असलं कृष्णविवर नाही. दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी २०१२ साली हा हिशेब शेवटच्या अंकापर्यंत नेला तेव्हा त्यात रामानुजनची मॉक थीटा फलनं उपयोगी पडली, जी त्याने मृत्यूपूर्वी १९२०च्या जानेवारीत केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्रातून कळवली होती. लूपवाल्यांनी १९९७-९८ मध्ये उत्तर काढलं. अष्टेकर त्यांत होते, आणि त्यांचं कृष्णविवर आकाशातल्यासारखं साधं होतं. पण त्यांच्या सिद्धांतात एक मोकळा स्थिरांक आहे, आणि 'चार' येण्यासाठी त्याची किंमत मुद्दाम जुळवून घ्यावी लागते.

म्हणजे एकाचा हिशेब चोख पण गिऱ्हाईक काल्पनिक, दुसऱ्याचं गिऱ्हाईक खरं पण वजनात अंगठा. सेन यांनी २०१२ साली मुख्य आकड्यानंतरची बारीक दुरुस्ती साध्या कृष्णविवरासाठी काढली आणि ती लूपच्या दुरुस्तीशी जुळत नाही हे दाखवलं. तरी लूपवाले हटले नाहीत. तिकडे स्ट्रिंगच्या समीकरणांना इतकी उत्तरं आहेत की आपलं विश्व त्यांतलं कुठलं ते सांगता येत नाही, आणि सर्वांत भक्कम निष्कर्ष ज्या प्रकारच्या विश्वात निघतात ते आपल्यासारखं प्रसरणाचा वेग वाढवणारं विश्व नव्हे. ती दरी बुजवण्याचा गाजलेला प्रयत्न २००३ साली चौघांनी केला. त्यांत त्रिवेदी होते. तो पक्का आहे की नाही यावर अजून वाद चालू आहे. लूपच्या बाजूला दुखणं वेगळं: धागे आणि गाठी आहेत, पण त्यांतून मोठ्या प्रमाणावर आइन्स्टाइनचा गुळगुळीत अवकाशकाल आपोआप विणला जातो, हे पूर्णपणे सिद्ध झालेलं नाही. दोन्ही काठांवर मी पुरेसं वाचलं आहे आणि माझं मत असं, की या सामन्यात निकाल लागणार नाही. दोघांनीही तोच एक आकडा गाठला, आणि तो आकडा दोघांनाही आधीपासून ठाऊक होता. उत्तर माहीत असलेलं गणित सुटलं म्हणून कोणी पास होत नाही.

पुण्यात मात्र पद्मनाभन पुढे तिसऱ्याच दिशेला गेले. १९९२पासून ते आयुकात होते, २०२१ साली गेले. त्यांचा विचार असा: पाण्याच्या लाटांचं समीकरण मिळालं म्हणून त्यावर क्वांटम संस्कार करून पाण्याचा रेणू सापडत नाही. लाट ही असंख्य रेणूंच्या वागण्याची गोळाबेरीज आहे. गुरुत्वही तसंच असेल तर? कृष्णविवराला तापमान आहे याचा अर्थच असा, की अवकाशकालाला सूक्ष्म घटक आहेत. वस्तू तापते ती तिच्यात घटक असतात म्हणून. आइन्स्टाइनची समीकरणं उष्मागतिकीच्या भाषेत लिहिता येतात हे त्यांनी वेगवेगळ्या अंगांनी दाखवलं. टेड जेकबसननेही १९९५ मध्ये याच अंगाचा निष्कर्ष काढला होता. घटक कोणते ते यातून कळत नाही, हा उणा भाग. तरी मला ही दिशा सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

आणि तिसरं उत्तर? गुरुत्वच वस्तूला एक जागा निवडायला लावतं, हे? रॉजर पेनरोझ अनेक वर्षं तेच म्हणत आहेत. टाटा संस्थेत तेजिंदर पाल सिंग यांनी या बाजूने बरंच काम केलं; २०१३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला, मोठ्या वस्तू दोन ठिकाणी का दिसत नाहीत याचा लांबलचक आढावा आजही संदर्भाला घेतला जातो. या पक्षाचा मोठा गुण हा, की तो चूक असेल तर प्रयोगात पकडला जाऊ शकतो.

निरीक्षणांचा हिशेब अजून छोटा आहे. १९७५ साली न्यूट्रॉनची लाट दोन वेगवेगळ्या उंचींवरून नेऊन पुन्हा जुळवली, तेव्हा पृथ्वीच्या ओढीचा ठसा पट्ट्यांवर उमटला. क्वांटम कणाला गुरुत्व जाणवतं, एवढं त्याने ठरलं. क्वांटम कण स्वतः कसा ओढतो ते नाही. २००९ साली सात अब्ज वर्षं प्रवास करून आलेल्या गॅमा किरणांच्या झोतातला सर्वांत ऊर्जावान किरण बाकीच्यांच्या मागे सेकंदभरही रेंगाळला नाही. अवकाश दाणेदार असेल तर त्या दाण्यांना तो साध्यासुध्या रीतीने अडखळत नाही. १४ जानेवारी २०२५ला पकडलेल्या गुरुत्वलहरीवरून दोन कृष्णविवरं एक झाल्यावर एकूण पृष्ठ वाढतं हा हॉकिंगचा नियम आजवरच्या सर्वांत स्पष्ट रूपात पडताळला गेला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहिली की असे पडताळे वाढतील; केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटींचा खर्च मंजूर केला आहे. पण लहरींच्या या वेधशाळाही मूळ प्रश्न सोडवणार नाहीत.

तो सोडवायला टेबलाएवढा प्रयोग लागेल, असं २०१७ साली सुगतो बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे कियारा मार्लेत्तो व व्लात्को वेद्राल यांनी सुचवलं. किलोच्या शंभर लाख कोटींव्या भागाएवढे दोन कण घ्यायचे, प्रत्येकाला 'दोन्हीकडे' ठेवायचं आणि एकमेकांना फक्त गुरुत्वाने ओढू द्यायचं. नंतर दोघांचं नशीब एकमेकांत क्वांटम पद्धतीने गुंतलेलं आढळलं, तर सरासरीचं उत्तर बाद. आणि कण दोन्हीकडे राहायलाच तयार नसतील, तर पेनरोझचं ऐकावं लागेल.

अडचण गोंगाटाची आहे, आणि ती रायगडला नवी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं १९०४ साली अलिबागला हलवावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने सुई हलली असती. व्हिएन्नात मार्कुस आस्पेलमायर यांच्या गटाने सुमारे ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या एका गोळीने दुसरीला ओढलेलं मोजलं आणि ते २०२१ साली छापलं, तेव्हाही शहरातली ट्राम आणि पायी चालणारी माणसं आड आली. मोजणी रात्री आणि नाताळच्या सुट्टीत करावी लागली. त्याच व्हिएन्नात दुसऱ्या गटाने २०१९ साली २५ हजार डाल्टनपेक्षा जड रेणू (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन) दोन वाटांनी पाठवून दाखवले. तो रेणू दोन ठिकाणी राहू शकतो, पण त्याची ओढ मोजता येत नाही. गोळीची ओढ मोजता येते, पण ती दोन ठिकाणी राहत नाही. दोघांच्या वजनात अठरा शून्यांचं अंतर आहे. प्रस्तावित कण साधारण मध्यावर बसतो: रेणूवाल्यांना आठ-नऊ शून्यं चढून यायचं आहे, गोळीवाल्यांना नऊ-दहा उतरून.